कडीचं रिव्हॉल्वर

माझ्या हाताला वजन आहे, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. कौतुकाने म्हणत नाहीत. मी बावन्न वर्षांची बाई, नाशिकरोडला राहते आणि सिनेमावाल्यांना हत्यारं भाड्याने देते. तलवारी, भाले, जांबिये, दोन-चार लांब बंदुका. पण फोन येतो तो बहुतेक वेळा एकाच वस्तूसाठी. "ताई, ते जुनं मिलिटरीचं रिव्हॉल्वर मोकळं आहे का?"

इंग्रजांच्या फौजेतल्या साहेबाच्या कमरेला असायचं, तसलं ते रिव्हॉल्वर आहे. काळं, ओबडधोबड, चांगलं जड. मधोमध बिजागरी आहे. अंगठ्याने खटका दाबला की पुढचा भाग मान टाकल्यासारखा खाली झुकतो आणि सहा काडतुसांचं चाक उघडं पडतं. मुठीच्या तळाला एक कडी आहे. घोडा उधळला तरी हत्यार हातचं जाऊ नये म्हणून साहेबलोक त्या कडीत दोरी अडकवून गळ्यात घालायचे. आता घोडा गेला, साहेब गेला, पण दिग्दर्शकांना कडी लागते. खजिना शोधणारा हिरो असो, गुहेत हरवलेला प्रोफेसर असो नाहीतर जंगलात विमान पडलेला पायलट असो, त्याच्या कमरेला हेच. मी एकदा एका दिग्दर्शकाला विचारलं, की तुमची गोष्ट आजच्या काळातली, हिरोच्या हातात मोबाईल आहे, मग हे शंभर वर्षांपूर्वीचं लोखंड कशाला? तो म्हणाला, नवं पिस्तूल दिलं की हिरो फौजदार दिसतो. हे दिलं की त्याचा आजा कुठल्यातरी लढाईत होता असं वाटतं. मला ते पटलं. शिवाय पिस्तुलात काय चाललंय ते प्रेक्षकाला दिसत नाही. यात चाक फिरतं, काडतुसं एकेक करून घरात बसतात, हिरोला विचार करायला वेळ मिळतो. आमच्याकडच्या बहुतेक हिरोंना तेवढाच विचार करता येतो.

रिव्हॉल्वर माझ्या वडिलांनी बनवलेलं आहे. देवळालीकडे लष्कराच्या एका वर्कशॉपमध्ये ते फिटर होते. खरी रिव्हॉल्वरं त्यांनी आयुष्यभर दुरुस्त केली आणि निवृत्त झाल्यावर सगळे परवाने काढून सिनेमासाठी ही नक्कल केली. यात खरी गोळी बसतच नाही. नुसत्या आवाजाचं काडतूस बसतं. दारू असते, पुढे शिसं नसतं. सिनेमावाले त्याला ब्लँक म्हणतात. चाप ओढला की धडाका, धूर आणि नळीतून वीतभर जाळ. तो जाळ कॅमेऱ्यात दिसावा म्हणून नळी आरपार मोकळी ठेवलेली आहे. नळी मोकळी आहे तोवर भीती नाही. पण नळीत सुपारीच्या खांडाएवढी जरी वस्तू अडकली, तर तीच वस्तू गोळी होते. लोक ब्लँकला खेळणं समजतात, म्हणून हे मी प्रत्येक सेटवर पहिल्या दिवशी ओरडून सांगते.

म्हणून वडिलांनी नियम घालून दिले होते. काडतुसं भरण्याआधी नळीतून पितळी गज फिरवायचा, प्रत्येक वेळी. मग नळी उजेडाला धरून आरपार बघायची. मग समोर जो माणूस उभा राहणार असेल त्यालाही ती बघू द्यायची. त्याने 'दिसलं' म्हटल्याशिवाय काडतूस भरायचं नाही. आणि हत्यार, मग ते लाकडाचं का असेना, माणसाच्या दिशेने कधीही रोखायचं नाही.

हे नियम आम्ही तोंडी शिकलो नाही. माझा भाऊ सहा वर्षांचा असेल. मी सतरा. लाकडाचा एक तुकडा घेऊन तो माझ्यावर रोखून 'ठो ठो' करत होता. वडील कामावरून आले, सायकल भिंतीला लावली, डबा खाली ठेवला आणि त्याच्या कानशिलात अशी ठेवून दिली, की तो न्हाणीच्या उंबऱ्यावर जाऊन आदळला. डाव्या कानातून रक्ताची धार लागली. आईला जाऊन वर्ष झालं होतं. मध्ये पडणारं कोणी नव्हतं. वडील म्हणाले, "आता विसरायचा नाही." तो विसरला नाही. त्या कानाने त्याला आजही कमी ऐकू येतं. उजव्या हाताने मारणाऱ्याचा मार डाव्या गालावर बसतो, त्यामुळे त्याची सगळी दुखणी डावीकडे आहेत.

वडील थकले तसं मारण्याचं काम माझ्याकडे आलं. मी ते मन लावून केलं. दूध सांडलं, शाळा बुडवली, खोटं बोलला, हात आधी, चौकशी मागून. मला वाटायचं मी त्याची आई झाले आहे. त्याला मी चमच्याने भरवलं, तापात रात्ररात्र मांडीवर घेतलं आणि तव्यावरच्या उलथण्याने मारलंही. माझ्या लेखी हे सगळं एकच होतं, प्रेम. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती.

मोठा होऊन तो सिनेमात मार खाणारा झाला. म्हणजे हिरोच्या जागी उडी मारणारा, खलनायकाच्या जागी ठोसे खाणारा. जीपवरून पडायचं, जिन्यावरून गडगडायचं, काचेतून आरपार जायचं. तीन बरगड्या, एक खांदा आणि दोन दात त्याने असेच घालवले. एकदा एका फाइटमास्टरने त्याला विचारलं, की ठोसा येताना दिसत असूनही डोळे मिटत नाहीत तुझे, हे कुठे शिकलास? तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "घरी."

पण ते खरं नव्हतं. कॅमेऱ्यासमोर त्याचे डोळे मिटत नसत. माझ्यासमोर मिटत. मी बोलता बोलता नुसता केसांचा चाप नीट करायला हात वर केला तरी त्याची मान खांद्यात जायची. चाळिशीतला बाप्या, पन्नास फुटांवरून उडी टाकणारा, आणि बहिणीच्या बांगड्या वाजल्या की डाव्या बाजूने आक्रसायचा. मग स्वतःच हसायचा. मीही हसायची.

धंद्याची सुरुवात मालेगावच्या लोकांपासून झाली. तिकडे यंत्रमागावर काम करणारे काही हौशी लोक सुट्टीच्या शुक्रवारी सिनेमा करायचे. माग चालवून चालवून वाळलेला त्यांचा हिरो. रिव्हॉल्वर कमरेला लावलं की पँट खाली यायची, म्हणून त्याने ते हातातच धरलं. मारामारीत कुणी कुणाला खोटं मारायला शिकलेलं नव्हतं. हिरोने मुठीची कडीवाली बाजू खरोखरच खलनायकाच्या कपाळावर हाणली. रक्ताने त्याचा एक डोळा भरला, तो खाली बसला आणि बसल्या बसल्या ओरडला, "असली खून है भाई, कॅमेरा बंद मत करो!" चार टाके पडले. तो प्रसंग त्यांनी सिनेमात ठेवला, आणि लोकांनी त्यावर शिट्ट्या मारल्या. वडिलांनी घरी येऊन कडीवरचं रक्त घासलं आणि मला म्हणाले, की लोकांना खरं रक्त आवडतं, हे ध्यानात ठेव, आणि त्यांना ते मिळू देऊ नकोस.

तेच माझं काम. हत्यार माझं, आणि त्याच्यासमोर बहुतेक वेळा माझाच भाऊ. त्याला काही होऊ न देणं, एवढंच. ते मी वीस वर्षं केलं.

गेल्या वर्षी अंजनेरीच्या पायथ्याशी एका साहसपटाचं शूटिंग होतं. किल्ल्यातला खजिना, मागावर टोळी, नेहमीचंच. हिरो मुंबईचा, तरणाबांड, दंड मांडीएवढे. त्याला रिव्हॉल्वर इतकं आवडलं की जेवतानाही तो ते टेबलावर ठेवायचा. पहिल्याच दिवशी माझी पाठ वळलेली असताना त्याने गंमत म्हणून ते माझ्या भावाच्या कानशिलाला लावलं आणि दुसऱ्या हाताने मोबाईल वर धरून फोटो काढायला लागला. भाऊ दात काढून उभा. रिव्हॉल्वर रिकामं होतं. मी विचारलंही नाही. मी गेले आणि हिरोच्या थोबाडात मारली. आवाज पलीकडे जेवण वाढणाऱ्यांपर्यंत गेला. त्याच्या गालाचा मेकअप माझ्या तळव्याला लागला.

दिग्दर्शक "अहो मॅडम!" एवढंच म्हणू शकला. मला वाटलं, गेलं काम. पण हिरो गालाला हात लावून उभा राहिला, मग रिव्हॉल्वर माझ्या हातात देऊन म्हणाला, "सॉरी, ताई." त्या दिवसापासून सगळं युनिट माझ्यापासून चार हात लांब असायचं. मी आले की गप्पा थांबायच्या. मला ते फार आवडलं. वडील असते तर खूश झाले असते असं वाटलं.

मग दसरा आला. आम्ही बौद्ध. विजयादशमी आमच्याकडे धम्मदीक्षेचा दिवस. पांढरी साडी नेसून मी दरवर्षी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी वंदनेला जाते. शस्त्रपूजा आमच्या घरात नाही. वडिलांनी जन्मभर हत्यारं हाताळली, पण हळदकुंकू कधी लावलं नाही. म्हणायचे, लोखंडाला तेल द्या, तेवढं त्याला पुरतं. दसऱ्याला युनिटला अर्धी सुट्टी होती. रिव्हॉल्वरची पेटी सेटवरच्या कपाटात, किल्ली भावाकडे. मी बजावून सांगितलं, "पेटी उघडायची नाही. कुणीही काहीही म्हणू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पेटी उघडली आणि मी बघतच राहिले. नळीवर हळदकुंकवाची बोटं. कडीत झेंडूची माळ ओवलेली. बिजागरीत पाकळ्या चेंगरलेल्या. चापाशी आपट्याचं पान. चाक उघडलं तर सहाही घरांत अक्षता.

मला कुंकवाचा राग आला नाही. सातपूरच्या कारखान्यांतून दसऱ्याला लेथला कुंकू लागतं, माळ चढते, मशीनला पेढा दाखवतात. ते मी लहानपणापासून बघते आहे आणि त्यात वाकडं काही नाही. राग आला तो कुलपाचा. मी सांगितलं आणि ते मोडलं गेलं, याचा. भाऊ खलनायकाचा वेश घालून, दाढी चिकटवून चहा पीत बसला होता. मी सगळ्यांसमोर गेले.

"कुणी उघडली पेटी?"

"ताई, ऐक ना. सगळ्या वस्तूंची पूजा चालली होती. कॅमेऱ्याची, लायटींची. हिरोसाहेब म्हणाले, माझ्या रिव्हॉल्वरची राहिली. नाही कसं म्हणणार? आणि ताई, त्यात अजून एक…"

मी हात उचलला. एक मारली. दाढी अर्धी सुटली. तो "ताई, अगं ऐक" म्हणाला, तेव्हा दुसरी मारली. चहा त्याच्या अंगावर सांडला. "गप्प," मी म्हटलं. "एक शब्द बोललास तर सगळ्यांसमोर पायातली काढीन." तो गप्प झाला. वीस-बावीस माणसं आजूबाजूला होती, एकजण हलला नाही.

मग मी रिव्हॉल्वर घेऊन खाली बसले आणि साफ करायला लागले. जुना टूथब्रश, रॉकेल, सुती फडकं. कुंकू घासून काढलं. बिजागरीतल्या पाकळ्या सुईने काढल्या. चाकाची घरं एकेक झटकून तांदूळ पाडले. हाताने हे काम, तोंडाने शिव्या. भावाला, हिरोला, दिग्दर्शकाला, सगळ्या युनिटला. मधूनमधून दिग्दर्शक ओरडत होता की ऊन सरकतंय. रिव्हॉल्वर आरशासारखं झालं. बाहेरून. नळीचं तोंडही मी पुसलं, वरवर, काळ्या लोखंडावर काळपट काहीतरी, मला ते तेलच वाटलं.

पितळी गज पेटीच्या झाकणात त्याच्या जागी होता. मी तो बघितला. हे मला पक्कं आठवतं, की मी तो बघितला आणि मला वाटलं, झालं सगळं. रागाच्या भरात तासभर घासलेल्या वस्तूबद्दल माणसाला वाटतं की ती आतून-बाहेरून साफ झाली. नळी उजेडाला धरून समोरच्या माणसाला दाखवायची असते. समोरचा माणूस माझा भाऊ होता, आणि मी त्याच्याशी बोलत नव्हते. म्हणून तेही राहिलं. काडतूस भरलं आणि हिरोच्या हातात दिलं. हिरो हळूच म्हणाला, "ताई, एक सांगायचं होतं…" मी म्हटलं, "शॉट कर आधी."

शॉट असा होता. हिरो जमिनीवर उताणा पडलेला, खलनायक तलवार उपसून त्याच्यावर धावतो, चार पावलांवर आला की हिरो पडल्या पडल्या गोळी मारतो. मी हिरोला शिकवलं होतं तसं त्याने भावाच्या डाव्या खांद्याच्या बाहेर, रिकाम्या हवेत नेम धरला. त्याची काही चूक नव्हती. भाऊ धावत आला. धडाका झाला. पण आवाज नेहमीचा मोकळा नव्हता. कोंडलेला, जाड आवाज. वीस वर्षं मी तो मोकळा आवाज ऐकत आले आहे. कानाला लगेच कळलं.

भाऊ मागे फेकला गेला, तलवार उडाली, तो दगडांवर पाठीवर पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शक ओरडला, "ओके! काय पडला राव!" भाऊ उठला नाही. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि बोटांच्या फटींतून रक्त मनगटावर येत होतं. मी धावत जाऊन हात बाजूला केले. डाव्या गालाची चाळण झाली होती. डोळ्याच्या जागी लाल चिखल होता. त्यात पांढरे तांदूळ होते. आणि दारूच्या वासात दुसराही एक वास होता, खवा करपल्याचा.

हिरो गुडघ्यांवर बसून ओकत होता. ओकता ओकता म्हणाला, "मी पेढा लावला होता. काल. नैवेद्य म्हणून. नळीत अंगठ्याने दाबला, अक्षतांसकट. फोटो काढला आणि काढायचा राहिला. ताई, मी सांगणार होतो." रात्रभरात तो पेढा वाळून दगड झाला होता, आणि नळीतून सुटताना फुटून छऱ्यांसारखा चहूकडे पसरला होता.

त्याच्या मागे उभा असलेला विंचूरचा लाइटवाला रडवेला होऊन म्हणाला, "आमी समद्यांनी पाह्यलं व्हतं ताई. आमाला वाटलं तुमी काढला आसंल. तुमी तर लय बारकाईनं पाहत्या."

सगळ्यांना माहीत होतं.

मग मी काय केलं? भावाला उचलायला हवं होतं. मी हिरोला मारत सुटले. थोबाडीत, मग मुठींनी, मग खाली पडलेलं रिव्हॉल्वर उचलून त्याच्या मुठीच्या कडीने. त्याचा ओठ फाटला, भुवई फाटली. त्याने एकदाही हात वर केला नाही. त्या दंडांनी तो मला एका हाताने उचलून ठेवू शकला असता. तिघाजणांनी मला ओढून काढलं तेव्हा भावाला गाडीत घालून झालं होतं. ते दुसऱ्यांनी केलं होतं. हे मला कुणी कधी बोलून दाखवलं नाही, पण मी स्वतःला दाखवते.

त्र्यंबक रस्त्याने गाडी नाशिककडे निघाली. त्याचं डोकं माझ्या मांडीवर, ओढणी, रुमाल, सगळं भिजलेलं. सातपूरच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने विचारलं, "ताई, गज फिरवला होतास ना?"

"हो," मी म्हटलं.

दवाखान्यात दोन तास ऑपरेशन चाललं. डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, की बुबुळ शिवलं आहे, डोळा जागेवर ठेवला आहे, दिसेल की नाही ते पट्टी काढल्यावर कळेल, आठ दिवस लागतील. एका स्टीलच्या वाटीत त्यांनी काढलेले कण होते. अडीच तांदूळ, मी मोजले. पोलीस आले, परवाने पाहिले, जबाब घेतले. भावाने अपघात झाला म्हणून सांगितलं. भावजय माझ्या शेजारी बाकावर बसत होती, पण आमच्यामध्ये ती आपली पिशवी ठेवत होती.

त्या आठ दिवसांत मी एकच विचार केला. डोळा राहू दे. तो राहिला तर मी गज न फिरवल्याचं कधी सांगणार नाही, म्हणजे झालंच नाही असं होईल. नाही राहिला तर सांगेन. असा सौदा मी कुणाशी करत होते कुणास ठाऊक. पण चौथ्या दिवशी भावजय घरी गेली होती, त्याला मी मोसंबीचा रस पाजत होते, आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

"मी गज फिरवला नव्हता," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"माहीत आहे? कसं?"

"फिरवला असतास तर नळी मला दाखवली असतीस ना."

मी पेला त्याच्या तोंडापासून मागे घेतला. "तुला पेढा माहीत होता. नळी दाखवली नाही तेही माहीत होतं. मग मुकाट्याने समोर उभा का राहिलास? सांगितलं का नाहीस?"

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. कुणी पावसाचं सांगावं तसं त्याने सांगितलं. "सांगत होतो की. तुझा हात वर होता. नंतर म्हटलं, आता विचारलं तर अजून एक बसेल. चार पावलांवरून फार काय लागणार? तुझी लागते त्यापेक्षा कमीच लागेल असं वाटलं."

मी रडले. त्याच्यासमोर मी कधी रडले नव्हते. आई गेली तेव्हासुद्धा. तो घाबरून उठून बसला, आणि पेला माझ्या हातातून काढून घेतला.

आठव्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरबाईंनी उजवा डोळा झाकून डाव्यात बॅटरी मारली. "उजेड दिसतो?" "नाही." "थोडासुद्धा?" त्याने मान हलवली. त्यांनी पुन्हा मारली, जवळून, अगदी जवळून. मग बॅटरी खिशात ठेवली. भावजयीने खिडकीकडे तोंड केलं.

डॉक्टरबाईंनी झाकलेला उजवा डोळा मोकळा केला आणि म्हणाल्या, की आता एकाच डोळ्याने वावरायचं आहे, तेव्हा डावीकडचं कुठपर्यंत दिसतं तेही बघून ठेवू, रस्ता ओलांडताना उपयोगी पडेल. त्यांनी त्याला समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे बघायला सांगितलं. मला म्हणाल्या, "तुम्ही यांच्या डाव्या बाजूला उभ्या राहा. हात आवाज न करता वर न्या, हळूहळू पुढे आणा. दिसला की ते सांगतील."

मी बांगड्या कोपरापर्यंत सारल्या. त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिले, लहानपणी उभी राहायची तिथेच. उजवा हात उचलला. खांद्याइतका, कानाइतका, मग त्याच्या फाटलेल्या गालापासून बोटभर अंतरावर आणला, बोटं पसरून. तो शांतपणे खिळ्याकडे बघत होता. मान सरळ होती. खांदे खाली होते.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वर उचललेल्या हाताला माझा भाऊ दचकला नाही.